पहिला संगणक बांधताना : ‘टिफ्रॅक’ची कथा आणि ‘स्वदेशी’ या शब्दाचा अर्थ

सप्टेंबर २०२५ मध्ये दिल्लीत भरलेल्या ‘सेमिकॉन इंडिया’ परिषदेत ‘विक्रम ३२०१’ ही ३२ बिटांची प्रोसेसर चिप पंतप्रधानांना सादर करण्यात आली. इस्रोच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने चंडीगडच्या सेमिकंडक्टर लॅबोरेटरीच्या साहाय्याने ती विकसित केली असून प्रक्षेपकांच्या नियंत्रणासाठी ती योजलेली आहे. बातमी येताच नेहमीप्रमाणे दोन तट पडले. एक तट म्हणाला, भारत आता चिपच्या बाबतीत स्वयंपूर्ण झाला. दुसरा म्हणाला, १८० नॅनोमीटरचे तंत्र जगाने पंचवीस वर्षांपूर्वीच मागे टाकले; त्यात कौतुक कसले?

हे दोन्ही सूर जुने आहेत. पासष्ट वर्षांपूर्वी मुंबईत भारतीयांनी स्वतः आराखडा करून पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक बांधला, तेव्हा त्या यंत्रालाही हेच दोन निकष लावता आले असते आणि दोन्ही निकषांनी त्याचे मूल्यमापन चुकीचेच झाले असते. त्या यंत्राचे नाव टिफ्रॅक. आज एखादा विद्यार्थी आपला पहिला डेस्कटॉप स्वतः जुळवतो तेव्हा तो एका अर्थाने त्याच वाटेने चाललेला असतो. मात्र ही वाट सुकर कशी झाली, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

‘पहिला’ म्हणजे नेमका कोणता?

‘भारतातील पहिला संगणक’ या नावाखाली समाजमाध्यमांवर निदान चार वेगवेगळी यंत्रे फिरत असतात. त्यांची उकल आधी करून घेऊ.

१९५३ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत समरेंद्रकुमार मित्र यांच्या मार्गदर्शनाखाली एक सादृश संगणक तयार झाला. दहा अज्ञात राशी असलेली एकसामयिक रेषीय समीकरणे सोडवणे हे त्याचे काम. सादृश यंत्रात संख्या अंकांनी लिहिलेली नसते. ती विद्युतदाबासारख्या भौतिक राशीच्या रूपाने वावरते आणि उत्तर मोजपट्टीवर वाचावे लागते. दहा समीकरणे म्हणजे फार नव्हेत, असे आज वाटेल. परंतु शाळेत शिकलेल्या निरसन पद्धतीने ती हाताने सोडवायला बसल्यास ४३० गुणाकार-भागाकार करावे लागतात, आणि बेरजा-वजाबाक्या वेगळ्या. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या संस्थेपुढे तेव्हा राष्ट्रीय नमुना पाहणीची आकडेवारी होती, पंचवार्षिक योजनेचे आकडेगणित होते. यंत्राची गरज तेथे प्रत्यक्ष कामातून आलेली होती.

त्याच संस्थेत १९५५-५६ च्या सुमारास ब्रिटनहून एचईसी-२एम हे यंत्र आले. भारताच्या भूमीवर चाललेला हा पहिला अंकीय संगणक. पण तो विकत घेतलेला होता. त्यानंतर काही वर्षांनी सोव्हिएत संघाकडून ‘उराल’ आला, तोही बाहेरचाच.

टिफ्रॅकचा मान वेगळा आहे. आराखडा, जुळणी, चाचणी आणि पुढची देखभाल हे सारे भारतीयांनी भारतात केले, असा हा पहिला मोठा अंकीय संगणक होय. आणि चौथे यंत्र आयसिजू-१. भारतीय सांख्यिकी संस्था आणि जादवपूर विद्यापीठ यांनी मिळून ट्रान्झिस्टर वापरून ते उभारले आणि १९६६ मध्ये तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री महंमद करीम छागला यांच्या हस्ते ते कार्यान्वित झाले.

अर्थात ‘पहिला’ हा मान चौघांनाही मिळू शकतो. प्रत्येकासाठी विशेषण मात्र वेगळे लागते. इतिहासात विशेषण गाळले की अभिमान फुगतो आणि माहिती आटते.

अनुभव शून्य, हाती एक अहवाल

१९५४ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अंकीय संगणकाच्या रचनेचे काम सुरू झाले. होमी भाभांनी उभारलेली ही संस्था तेव्हा अवघी नऊ वर्षांची होती. विश्वकिरण आणि अणुकेंद्रीय भौतिकी हे तिचे मुख्य विषय, आणि दोन्ही विषयांत गणनांचा डोंगर. गटाचे नेतृत्व त्याच वर्षी संस्थेत रुजू झालेल्या रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे आले. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून विद्युत अभियांत्रिकीचे आणि इंडियाना विद्यापीठातून गणिताचे उच्च शिक्षण घेऊन ते परतले होते. सहकाऱ्यांमध्ये पी. व्ही. एस. राव यांच्यासारखे तरुण होते. या गटातील कोणीही त्यापूर्वी संगणक बांधलेला नव्हता.

मग त्यांनी सुरुवात कशाच्या आधारे केली? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाच्या खुलेपणात आहे. १९४६ साली आर्थर बर्क्स, हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन न्यूमन यांनी प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेतील नियोजित संगणकाच्या तर्करचनेवर एक अहवाल लिहिला. त्याच्या प्रती मुक्तपणे वाटल्या गेल्या. सूचना आणि आकडे एकाच स्मृतीत ठेवायचे, ४० बिटांचा एक शब्द मानायचा, त्या शब्दाचे सारे बिट एकाच वेळी हाताळायचे, ही त्यातील मांडणी. जगभरच्या अनेक प्रयोगशाळांनी या अहवालाच्या आधारे आपापली यंत्रे बांधली. टिफ्रॅक या मोठ्या कुटुंबातील भारतीय सदस्य. त्याचाही शब्द ४० बिटांचाच.

परंतु तर्करचना कागदावर समजणे निराळे आणि ती तारांमध्ये उतरवणे निराळे. म्हणून गटाने एकदम मोठे यंत्र हाती घेतले नाही. आधी एक लहान, पथदर्शी यंत्र बांधले. त्याची स्मृती २५६ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द १२ बिटांचा. म्हणजे सगळे मिळून ३,०७२ बिट. हे यंत्र १९५६ मध्ये चालू झाले. त्यावर काही महत्त्वाची वैज्ञानिक गणिते व्हावीत, ही अपेक्षाच नव्हती. मंडले स्थिर राहतात का, स्मृती भरवशाची आहे का, सूचनांचा क्रम अपेक्षेप्रमाणे चालतो का, आणि मुख्य म्हणजे आपल्याला हे जमते का, याची ती परीक्षा होती. ती उत्तीर्ण झाल्यावर १९५७ मध्ये पूर्ण आकाराच्या यंत्राचे काम सुरू झाले, १९५९ मध्ये ते संपले आणि फेब्रुवारी १९६० मध्ये यंत्र कार्यान्वित झाले. जानेवारी १९६२ मध्ये संस्थेच्या कुलाब्यातील नव्या इमारतीचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा त्यांनीच या यंत्राचे नामकरण केले. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि ‘स्वयंचलित गणक’ या अर्थाच्या दोन शब्दांची आद्याक्षरे मिळून टिफ्रॅक हे नाव बनले.

पोलादी कपाटातला संगणक

टिफ्रॅकचा मुख्य भाग १८ फूट लांब, अडीच फूट रुंद आणि ८ फूट उंच पोलादी सांगाड्यात बसवलेला होता. दोन्ही बाजूंना दारे, जेणेकरून आतील मंडलांपर्यंत हात पोहोचावा. आत २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. प्रोग्रॅम यंत्रभाषेत लिहून छिद्रांकित कागदी फितीवरून भरायचा. आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी कॅथोड किरण नलिकेचा एक पडदाही त्याला जोडलेला होता. संगणकाला पडदा असणे त्या काळी मुळीच सर्वसाधारण नव्हते.

स्मृतीचे तंत्र विशेष पाहण्यासारखे आहे. फेराइट या चुंबकीय द्रव्याच्या मोहरीच्या दाण्यांहून थोड्याच मोठ्या कड्या जाळीसारख्या मांडलेल्या असत आणि प्रत्येक कडीतून बारीक तारा ओवलेल्या असत. कडी एका दिशेने चुंबकित असली तर शून्य, उलट दिशेने असली तर एक. कडीची दिशा बदलायला ठरावीक विद्युतप्रवाह लागतो. त्याहून कमी प्रवाहाने ती हलत नाही. या गुणाचा उपयोग मोठा चतुर आहे. आडव्या तारेतून अर्धा प्रवाह सोडायचा, उभ्या तारेतून अर्धा. त्या दोन तारा जिथे छेदतात तेवढ्याच एका कडीला पूर्ण प्रवाह मिळतो आणि फक्त तीच उलटते. बाकीच्या साऱ्या जागच्या जागी राहतात. हजारो कड्यांमधून हवी ती कडी निवडण्यासाठी प्रत्येकीला स्वतंत्र कळ लागत नाही. मात्र कडीतील माहिती वाचायची म्हणजे तिला शून्याकडे ढकलून ती उलटली का, हे पाहायचे. म्हणजे वाचताच माहिती पुसली जाते आणि लगेच पुन्हा लिहावी लागते. बारावीच्या पुस्तकात चुंबकीय शैथिल्याचा जो वक्र आपण गुणांसाठी पाठ करतो, तो येथे संगणकाचा पाया बनलेला दिसतो.

हे तंत्र तेव्हा ताजे होते. अमेरिकेतील एमआयटीच्या ‘व्हर्लविंड’ या संगणकात फेराइट स्मृती १९५३ मध्ये बसली. मुंबईतील पथदर्शी यंत्रात ती १९५६ मध्ये चालत होती. अंतर तीन वर्षांचे. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या, इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांचा उद्योग जवळजवळ नसलेल्या देशाने ते तीन वर्षांवर आणले, ही गोष्ट टिफ्रॅकच्या टीकाकारांनी लक्षात ठेवावी अशी आहे.

पूर्ण रूपातील टिफ्रॅकची स्मृती २,०४८ शब्दांची होती. ४० ने गुणल्यास ८१,९२० बिट होतात, म्हणजे बरोबर १०,२४० बाइट. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. त्या हिशेबाने तुम्ही आत्ता वाचत असलेल्या या लेखाचा तिसरा हिस्साही टिफ्रॅकच्या स्मृतीत मावला नसता. आणि तेवढ्याच जागेत प्रोग्रॅम, आकडे आणि मधली उत्तरे बसवून शास्त्रज्ञ आपली गणिते सोडवत होते.

बिघाड हाच गुरू

निर्वात नळी म्हणजे काचेच्या बंद पोकळीत तापवलेली तार. ती दिव्यासारखी कधीतरी जाणारच. एका नळीचे सरासरी आयुष्य उदाहरणादाखल १०,००० तास धरू. म्हणजे अखंड वापरल्यास वर्षाहून अधिक. पण २,७०० नळ्या एकत्र असल्या की भागाकार करावा लागतो, आणि उत्तर येते सुमारे पावणेचार तास. सुटा भाग उत्तम असूनही संपूर्ण यंत्र दिवसातून अनेकदा बंद पडू शकते, ते असे. एकेका नळीच्या तापत्या तारेला ३ वॅट लागतात असे धरले, तर केवळ नळ्या तापवण्यासाठी ८ किलोवॅट खर्च होतात आणि ती सारी उष्णता खोलीत येते. मुंबईच्या दमट हवेत ती बाहेर काढणे हेही अभियांत्रिकीचेच काम.

हे आकडे मी ठोकळमानाने मांडले आहेत. त्यातील तत्त्व मात्र पक्के आहे. अशा यंत्रासोबत राहणाऱ्याला बिघाड शोधण्याची विद्या आत्मसात करावीच लागते. नळी पूर्ण निकामी होण्याआधी ती अशक्त झाल्याचे ओळखायचे, म्हणून विद्युतदाब मुद्दाम थोडा कमी-जास्त करून पाहायचा, कोणते मंडल आधी डगमगते ते नोंदवायचे, ही त्या पिढीच्या यंत्रांवर सर्वत्र वापरली जाणारी रीत होती. उत्तर चुकले तर तीन शक्यता : गणित चुकले, प्रोग्रॅम चुकला, की तार सुटली? तिन्हींचा शोध एकाच माणसाला घेता यावा लागे. आजच्या विद्यापीठांत हे तीन विषय तीन वेगवेगळ्या विभागांत शिकवले जातात आणि त्यांच्या इमारतीही वेगळ्या असतात.

विकत घेतलेल्या यंत्राचा बिघाड हा विक्रेत्याचा प्रश्न असतो. बांधलेल्या यंत्राचा बिघाड हा आपला प्रश्न असतो. ज्ञान साठते ते या दुसऱ्या ठिकाणी.

उशिरा आलेले यंत्र आणि वेळेवर तयार झालेली माणसे

आता टिफ्रॅकच्या विरोधातील सर्वांत जोरदार मुद्दा. १९५९ मध्ये टिफ्रॅकची जुळणी पूर्ण होत होती, त्याच वर्षी आयबीएमने पूर्णपणे ट्रान्झिस्टरवर चालणारा ७०९० हा संगणक ग्राहकांकडे पाठवायला सुरुवात केली आणि १४०१ या यंत्राची घोषणा केली. निर्वात नळ्यांचे युग संपत आले होते. १९६४ मध्ये खुद्द टाटा मूलभूत संशोधन संस्थेतच सीडीसी ३६०० हा अमेरिकी ट्रान्झिस्टर संगणक आला आणि १९६५ पर्यंत टिफ्रॅकचे काम थांबले. सुरू झाल्यापासून जेमतेम पाच वर्षे. मग एवढा खटाटोप कशासाठी?

यंत्र हाच हिशेबाचा शेवट मानला तर या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही. परंतु यंत्र बांधणाऱ्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले की चित्र बदलते. नरसिंहन साठच्या दशकाच्या आरंभी इलिनॉय विद्यापीठात गेले. कण भौतिकीतील बुडबुडा-कक्षाची छायाचित्रे यंत्राने वाचावीत या हेतूने तेथे ‘इलियाक-३’ची आखणी चालू होती, त्या प्रकल्पात त्यांनी चित्रांचे व्याकरण लावून विश्लेषण करण्याची पद्धत विकसित केली आणि आकृतिबंध-ओळखीच्या क्षेत्रात ते अग्रणी ठरले. भारतात परतल्यावर ते कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष झाले. पुढे आयबीएम १९७८ मध्ये भारतातून बाहेर पडली आणि देशभरातील तिच्या यंत्रांच्या देखभालीचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा ती जबाबदारी ‘सीएमसी’ या सरकारी कंपनीने पेलली. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या त्या कंपनीचे पहिले अध्यक्षही नरसिंहनच. परकी कंपनी निघून गेली तरी देशातील संगणक बंद पडले नाहीत. टिफ्रॅकचा खर्च मांडताना हा जमेचा आकडाही वहीत लिहायला हवा.

जेथे कमी पडलो तेही लिहायला हवे. टिफ्रॅक एकच बनला. आयसिजू-१ ची मालिका कारखान्यातून बाहेर पडली नाही. प्रयोगशाळेत कमावलेले कौशल्य उद्योगात उतरवणारा पूल त्या काळी नव्हता. भाभांच्या अध्यक्षतेखालील इलेक्ट्रॉनिक्स समितीने देशाला इलेक्ट्रॉनिक उद्योगाची व्यापक आखणी दिली. परंतु जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात भाभा गेले. हैदराबादला १९६७ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली आणि तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात १९६९ मध्ये साकारलेल्या टीडीसी-१२ या १२ बिटांच्या यंत्रापासून तिची संगणकमालिका सुरू झाली. ते मोलाचे पाऊल होते. मात्र तोपर्यंत जगात एकात्मिक मंडलांचे युग आले होते आणि संगणकाचे खरे रहस्य कपाटातून निघून सिलिकॉनच्या चकतीत शिरले होते. ती चकती बनवण्याची विद्या आपल्याकडे वेळेवर रुजली नाही. आजच्या सेमिकंडक्टर मोहिमेत आपण जी किंमत मोजतो आहोत, ती त्या सुटलेल्या दुव्याची.

स्क्रू-ड्रायव्हरने बांधता येणारा संगणक

आता विद्यार्थ्याच्या डेस्कटॉपकडे वळू. प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, वीजपुरवठ्याचा डबा आणि कॅबिनेट एवढे भाग आणले की एका दुपारी संगणक उभा राहतो. टिफ्रॅकला पाच-सहा वर्षे लागली आणि याला पाच-सहा तास, याचे श्रेय केवळ चिपच्या सूक्ष्मतेला देता येणार नाही. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे आणि ते डोळ्यांना दिसत नाही. ते म्हणजे मानके.

१९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला तो बाजारात मिळणाऱ्या भागांनी बनवलेला होता आणि त्याच्या मंडलांचे आराखडे तांत्रिक पुस्तिकेत छापलेले होते. यंत्र सुरू करणारा बायोस हा प्रोग्रॅम तेवढा आयबीएमच्या मालकीचा होता. इतर कंपन्यांनी तोही स्वतंत्रपणे नव्याने लिहून काढला आणि कोणालाही सुसंगत संगणक बनवण्याची मुभा मिळाली. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे मानक मांडले : मदरबोर्डची मापे, स्क्रूंच्या भोकांच्या जागा, वीजजोडणीतील प्रत्येक तारेचा विद्युतदाब, सारे ठरलेले. म्हणून एका देशात बनलेला बोर्ड दुसऱ्या देशात बनलेल्या कॅबिनेटमध्ये अचूक बसतो. टिफ्रॅकच्या गटाला यातले काहीच आयते मिळाले नव्हते. कोणत्या दाबाला ‘एक’ म्हणायचे, एका भागाने दुसऱ्याला ‘माझे काम झाले’ हे कसे कळवायचे, तारा कोणत्या क्रमाने जोडायच्या, हे सारे त्यांनाच ठरवावे लागले.

भारतात हा खुलेपणा १९८४ च्या संगणक धोरणानंतर जाणवू लागला. सुट्या भागांची आयात सुलभ झाली, आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बेंगळुरूचा एस. पी. रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, कोलकात्याची चांदनी बाजारपेठ येथे ‘असेंबल्ड’ संगणकांचे एक जगच उभे राहिले. ब्रँडेड यंत्र न परवडणाऱ्या असंख्य घरांत, क्लासमध्ये आणि छोट्या कचेऱ्यांत संगणक पोहोचला तो या बाजारांतून. या दुकानांतील कारागिरांची नोंद विज्ञानाच्या इतिहासात सहसा होत नाही. रॅम काढून तिची सोनेरी टोके पेन्सिलीच्या खोडरबराने पुसून परत बसवणारा तो मुलगा आणि अशक्त नळी हुडकणारा संस्थेतील अभियंता यांच्या शिक्षणात अंतर होते. बिघाडाकडे पाहण्याची नजर एकाच जातीची होती.

तरीही दोन्ही ‘बांधण्यां’त फरक आहे आणि तो पुसू नये. डेस्कटॉप जुळवणारा विद्यार्थी इतरांनी बंद करून दिलेल्या पेट्या जोडतो. पेटीच्या आतील गोष्ट त्याला बदलता येत नाही. टिफ्रॅकमध्ये अशी पेटी जवळजवळ नव्हतीच; नळी आणि डायोड यांच्या वरचा प्रत्येक थर गटाने स्वतः रचलेला होता.

बातमी वाचताना चार प्रश्न

येथे ‘स्वदेशी’ या शब्दाशी आपण येऊन ठेपतो. हा शब्द होय-नाही अशा उत्तराचा नाही, असे मला वाटते. कोणत्याही संगणकाबद्दल निदान चार प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. त्याची रचना कोणी केली? त्याचे भाग कुठे बनले? ती रचना ज्या भाषेत आणि ज्या साधनांनी झाली, ती कोणाची? आणि तो बिघडल्यास मुळापासून दुरुस्त करणारी, पुढची आवृत्ती काढणारी माणसे कुठे आहेत?

टिफ्रॅकला हे प्रश्न लावून पाहा. रचना आपली. मूळ तर्कविचार जगाला खुल्या असलेल्या अहवालातला. नळ्यांसारखे भाग बाहेरचे. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही कंपनीच मुळात १९५४ ची. माणसे आपली. पुण्याच्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सादर केलेल्या परम ८००० ला लावा. समांतर गणनेची रचना, जोडणी आणि प्रणाली आपली. तिच्यातील ट्रान्सप्युटर ही चिप ब्रिटिश कंपनीची. मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’ला लावा. प्रोसेसरची रचना आपली. सूचनासंच रिस्क-फाइव्ह हा जागतिक आणि खुला. २०१८ मध्ये तिची एक चिप अमेरिकेत इंटेलच्या कारखान्यात २२ नॅनोमीटर तंत्राने बनली आणि दुसरी चंडीगडला १८० नॅनोमीटर तंत्राने. एकच रचना, दोन ठिकाणची घडण. ‘विक्रम ३२०१’ ची रचनाही येथली, घडणही येथली. तंत्र मात्र जुन्या पिढीचे. आणि प्रक्षेपकासाठी अतिसूक्ष्मतेपेक्षा टिकाऊपणा, तापमानातील चढउतार सोसण्याची क्षमता आणि पुरवठ्याची शाश्वती यांना अधिक मोल असते, हेही त्याच उत्तराचा भाग.

चारही खाने एकाच रंगाने भरलेला देश आज जगात नाही. चिप छापणारी अत्याधुनिक यंत्रे नेदरलँड्समधील एकच कंपनी बनवते, तिला लागणारे आरसे जर्मनीतून येतात, आणि सर्वांत प्रगत चिपांचा मोठा हिस्सा तैवानमध्ये घडतो. तेव्हा ‘सगळे आपलेच’ ही बढाई जशी पोकळ, तशीच ‘यात आपले काय?’ ही कुचेष्टाही पोकळ. कोणता खाना भरला, कोणता रिकामा आहे आणि रिकामा खाना भरायला कोण शिकते आहे, एवढेच पाहावे.

हा प्रश्न केवळ सरकारी धोरणाचा नाही. प्रायोगिक विज्ञानाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत तो दर वर्षी उभा राहतो : उपकरण तयार विकत घ्यावे, की बांधावे? विकत घेतले तर शोधनिबंध लवकर निघतो. बांधायला घेतले तर विद्यार्थ्याची दोन वर्षे जातात आणि ती दोन वर्षे कुठल्याही मूल्यमापनाच्या तक्त्यात बसत नाहीत. प्रत्येक गोष्ट बांधत बसणे हा वेडेपणा होईल. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनेही टिफ्रॅकनंतर सीडीसी ३६०० घेतलाच आणि तो निर्णय योग्य होता. मात्र ज्यांनी एक संगणक बांधलेला होता, त्यांनी दुसरा विकत घेतला, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. आपल्याला काय हवे, काय मागायचे आणि विक्रेता कुठे फसवतो आहे, हे त्यांना कळत होते.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, पहिला डेस्कटॉप जुळवण्याचा बेत असेल तर जरूर जुळवा. कळ दाबल्यावर पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील, असे बहुधा होईल. त्या क्षणी दुकानदाराला फोन करण्याआधी एक तास स्वतःला द्या. एकेक भाग काढा, कमीत कमी भागांवर यंत्र सुरू होते का पाहा, मदरबोर्डची पुस्तिका उघडा, निरीक्षणे वहीत लिहा. पुढे जमल्यास एक पायरी खाली उतरा : ब्रेडबोर्डवर दोन बिटांची बेरीज करणारे मंडल लावा, रिस्क-फाइव्हचा खुला सूचनासंच वाचा, एखाद्या एफपीजीए बोर्डवर छोटासा प्रोसेसर स्वतः उतरवून पाहा. १९५६ चे ते ३,०७२ बिटांचे पथदर्शी यंत्र यापेक्षा फार मोठे नव्हते. त्यावर कोणताही मोठा शोध लागला नाही. मात्र ते बांधून झाले तेव्हा, संगणक आतून कसा चालतो हे स्वतःच्या हातांनी जाणणारी मूठभर माणसे या देशात तयार झालेली होती.